'दिसला' आणि 'वाटला'

अज्ञानातून घडलेल्या चुकांचे ओझे मनुष्याला फार काळ वाहावे लागत नाही. अधिकाराच्या आसनावर बसून केलेल्या चुकीचे मात्र उतरता उतरत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांना जे दिसले ते दिसलेच नव्हते, असे ठरवण्याचा अधिकार वास्तविक कोणालाच नाही. तरीही घरातल्या धाकट्यांवर तो आपण किती निःशंकपणे गाजवतो. परक्याला आपण विचारतो, 'खात्री आहे ना?' घरच्याला सांगून टाकतो, 'तुला वाटलं असेल.' ज्या गृहस्थांची ही कथा आहे, ते सत्यनिष्ठ होते, परिश्रमी होते, आणि आपल्या बहिणीवर त्यांची माया होती. एवढे सगळे असूनही त्यांच्या हातून जे घडले, ते एका शब्दाने घडले.

ते एका मोठ्या छापखान्यात मुद्रितशोधक होते. छत्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेले वाचले आणि त्यातल्या चुका लाल शाईने खोडल्या. निवृत्तीनंतरही ती शाई त्यांच्या खिशातून गेली नाही. गावाला समुद्र होता, समुद्राला पक्षी होते, आणि पक्षी पाहणाऱ्या पंधरा-वीस जणांचे एक मंडळ होते. मंडळाची नोंदवही तीस वर्षे त्यांच्या स्वाधीन होती. ज्याला जो पक्षी दिसेल त्याने तो स्वतःच्या हस्ताक्षरात वहीत लिहावा आणि मुद्रितशोधकांनी तो तपासावा, असा शिरस्ता. त्यांच्या तपासणीतून इतके पक्षी गळून पडत की मंडळात त्यांचे नाव 'खोडरबर' पडले होते. हे नाव त्यांना ठाऊक होते, आणि मनातल्या मनात आवडतही होते.

त्यांच्या किनाऱ्यावर कुरवांची वस्ती मोठी. पांढऱ्या अंगाचे, राखाडी पाठीचे हे थोरले पक्षी धक्क्यावरच्या प्रत्येक खांबावर बसलेले असत, आणि त्या सर्वांचे पाय फिकट गुलाबी. पिवळ्या पायांचा कुरव ही दूरच्या किनाऱ्यांवरची जात. तीस वर्षांच्या नोंदवहीत तिची एकही पक्की नोंद नव्हती. दोघांतला भेद तसा बारीक. पिवळ्या पायांच्या कुरवाची पाठ किंचित गडद असते, पण ती छटा उजेडाबरोबर बदलते. डोळ्याभोवतीचे कडे लाल असते, पण ते लांबून दिसत नाही. म्हणजे भरवसा ठेवायचा तो पायांवर.

पक्की न ठरलेली एक नोंद मात्र वहीत होती, आणि ती त्यांच्या धाकट्या बहिणीची होती.

बहीण बर्फाच्या कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होती. कारखान्याची मागची भिंत समुद्राला लागून. कुरव जाता-येता तिच्या पायात यायचे. पक्षी पाहायला तिला दादानेच शिकवले होते, आणि दुर्बीणही त्यांचीच जुनी. बारा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात तिने आपल्या गोल, शाळकरी अक्षरात वहीत लिहिले: 'आज सकाळी कारखान्यामागच्या भिंतीवर पिवळ्या पायांचा कुरव दिसला. अर्धा तास पाहिला. पाय लिंबासारखे पिवळे.'

मुद्रितशोधकांनी 'दिसला' या शब्दावर लाल रेघ ओढली आणि वर लिहिले, 'वाटला'.

पुढच्या बैठकीत वही हातोहात फिरली तेव्हा ती उभी राहिली. चौदा माणसे बसलेली होती. ती म्हणाली, "दादा, वाटला नाही. दिसला."

"अगं चिमणे," ते हसत म्हणाले, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं."

चौदा माणसे हसली. हसण्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तिने दुर्बीण पिशवीत घातली, पिशवीची नाडी शांतपणे ओढून गाठ मारली आणि बैठक संपेपर्यंत ती बसून राहिली. मग मात्र ती पुन्हा कधी आली नाही. कारखान्यात जाता-येता तिने किनाऱ्याचा रस्ता सोडला आणि गोदामांमागच्या बोळातून चालू लागली. दादाशी अबोला धरला असेही नाही. ते घरी आले की चहा व्हायचा, भाचीच्या शिक्षणाच्या गोष्टी निघायच्या, गुडघ्यांच्या तक्रारी निघायच्या. पक्षी तेवढे निघत नसत. राग निवला असेल, असे मुद्रितशोधक समजत होते. जखम वाहायची थांबली म्हणजे ती भरली, असे समजणारे पुष्कळ असतात.

आता ती अंथरुणाला खिळली होती. गारठ्यात काढलेल्या वर्षांनी फुप्फुसे पोखरली होती, आणि डॉक्टरांनी बोटांवर मोजता येतील एवढे दिवस सांगितले होते. तिच्या खोलीच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि खिडकीत समुद्र. ती भिंतीकडे तोंड करून निजत असे.

मुद्रितशोधक रोज दुपारी जाऊन तिच्या उशाशी बसत. काय बोलावे ते सुचत नसे, म्हणून ते घरातल्या चुका काढत.

"ही चादर किती पिवळी पडली आहे," एकदा ते भाचीला म्हणाले. "दुसरी नाही का गं?"

"मामा, कालच नवी काढली."

"मग नव्यातही हल्ली काही अर्थ नाही. परवा नवी नोंदवही आणली, तिचे कागदही असेच. दुकानदाराने दोनदा बदलून दिली, तिसऱ्यांदा हात जोडले."

"तुम्ही वही परत केली नसती तरच नवल," पलंगावरून बहीण भिंतीला म्हणाली. थट्टेत ती त्यांना 'तुम्ही' म्हणे.

भाची चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासत असे. तिने मामांकडे एकदा पाहिले. पण तेवढ्यात आईला ढास लागली आणि ती गोष्ट तिच्या मनातून निघून गेली.

त्याच आठवड्यात, उन्हे कलत असताना, मुद्रितशोधक आपली तिपाईवरची मोठी दुर्बीण घेऊन धक्क्यावर गेले. पलीकडच्या तीराला जाणाऱ्या नावेची तिकिटे देणारा कारकून खिडकीतून नेहमीप्रमाणे म्हणाला, "काय खोडरबर, आज कुणाचा पक्षी पुसलात?"

"तुमचा कावळा तेवढा शिल्लक ठेवलाय."

"उपकार झाले. कावळ्याला निरोप देतो."

धक्क्याच्या टोकाच्या खांबावर एक कुरव एकटाच बसला होता. त्यांनी दुर्बीण रोखली. पाठ नेहमीहून गडद भासली, पण पाठीवर ते विश्वास ठेवणारे नव्हते. रोजच्या कुरवांचे पाय गुलाबीच, म्हणून ते न्याहाळणे त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी सोडले होते; आज न्याहाळले. पाय पिवळे होते. उघड, निःसंदिग्ध पिवळे.

पाऊण तास ते त्याच्यासमोरून हलले नाहीत. शिस्त सुटली नव्हती. डाव्या पंखाच्या टोकाकडून तिसरे पीस मध्येच तुटलेले आहे, ही खूण त्यांनी टिपून ठेवली, म्हणजे पुन्हा भेटल्यास हाच तो हे कळावे. मग वही उघडून लिहिले: 'पिवळ्या पायांचा कुरव दिसला.' त्या शेवटच्या शब्दावर त्यांचा हात थांबला. हा शब्द आपण कोणाचा हिरावून घेतला होता, ते त्यांना आठवले. जो पक्षी आज आला, तो बारा वर्षांपूर्वी का आला नसेल? ती खरे बोलत होती. आणि हे तिला सांगायला अजून चार-सहा दिवस हाताशी होते.

नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर आतून त्यांच्याच अक्षरात एक नियम लिहिलेला होता: 'दुर्मिळ पक्ष्याची नोंद दुसऱ्या डोळ्यांनी अथवा छायाचित्राने पक्की होईपर्यंत तोंडाबाहेर काढू नये.' तीस वर्षांत त्यांनी हा नियम कोणालाही मोडू दिला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी तो स्वतः मोडला. दुर्बीण खांद्यावर टाकून ते तडक बहिणीच्या घरी गेले.

"चिमणे," ते पलंगाशी वाकून म्हणाले, "आज मला तो दिसला."

"कोण?"

"पिवळ्या पायांचा."

 भिंतीकडेच पाहत तिने विचारले, "पाय कसे?"

"लिंबासारखे."

तिचा शब्द तिला परत मिळाला. तिने डोळे मिटले, उघडले. "मंडळात सांगशील?"

"सगळ्यांसमोर, उभा राहून सांगेन. उद्या सकाळी ही तुझी लेक फोटो काढते. मग कोणाची काय बिशाद."

"मला खिडकीकडे वळव," ती मुलीला म्हणाली.

मायलेकींनी मिळून ते अवघड काम केले. बारा वर्षांनी तिने समुद्राकडे तोंड केले, आणि तशीच तिला झोप लागली.

सकाळी मुद्रितशोधक भाचीला घेऊन धक्क्यावर पोहोचले. आभाळ स्वच्छ होते. दोन तास कुरव येत-जात राहिले, मुद्रितशोधकांची नजर टोकाच्या खांबावरच होती, आणि अखेर त्याच खांबावर एक येऊन बसला. त्याने पंख पसरून मिटले. डाव्या पंखातले तिसरे पीस मध्येच तुटलेले होते.

"हाच," ते कुजबुजले. "बघ पाय."

भाची दुर्बिणीला डोळा लावून बघत राहिली. मग तिने डोळा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "मामा, टोकाच्या खांबावरचाच ना?"

"दुसरा आहे कोण तिथे?"

तिने दुर्बिणीच्या काचेला मोबाइल लावून चार फोटो काढले. ते मोठे करून पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, हे पाय गुलाबी आहेत."

"उजेडाचा दोष. दाखव इकडे." त्यांनी फोटो निरखला. "हे काय, पिवळेच तर आहेत."

तिने पर्समधून आपला रुमाल काढून त्यांच्यासमोर धरला. "हा रुमाल कसा आहे?"

"पिवळट. जुना दिसतो."

"आज सकाळी याची घडी मोडली, मामा. पांढराशुभ्र आहे." तिने रुमाल मिटला. "चादरीच्या वेळीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासते, आणि घरातला मोतीबिंदू दिसला नाही. भिंग पिवळं पडत जातं, इतकं सावकाश की ज्याचं त्याला कळत नाही. फिकट गुलाबी पिवळट दिसतं, पांढरंही पिवळट. सगळंच."

मुद्रितशोधक तरातरा तिकिटांच्या खिडकीपाशी गेले आणि मोबाइल आत सरकवला. "या पक्ष्याचे पाय कोणत्या रंगाचे आहेत?"

"गुलाबी," कारकून म्हणाला. "कुरवाचे आणखी कसले असणार?" मग त्यांचा चेहरा पाहून त्याने पुढची थट्टा गिळली आणि नुसतेच विचारले, "बसता का जरा?"

ते बसले. लाकडी बाकावर, तिकिटाच्या रांगेशेजारी. मग त्यांनी भाचीला विचारले, "हे केव्हापासून?"

"ते कोणालाच नाही सांगता यायचं. पाच वर्षं, सात, कदाचित जास्त."

"बारा?"

भाची समुद्राकडे पाहत राहिली. ती कठोर मुलगी नव्हती. पण खरे बोलायला ती ज्यांच्याकडून शिकली होती, तेच समोर बसले होते.

"बारा वर्षांपूर्वी तुम्ही तो पक्षी पाहिलाच नव्हता, मामा," ती म्हणाली.

डोळे निकोप असोत वा नसोत, तेव्हा त्यांनी न पाहताच निकाल दिला होता, आणि पाहून दिलेली साक्ष आता डोळ्यांनीच बाद केली होती. बहिणीचा पक्षी खरा होता हे सिद्ध करण्याची त्यांची एकमेव वाट त्या खांबावर गुलाबी पायांनी बसली होती.

घराच्या पायऱ्यांशी भाचीने त्यांचा हात धरला. "आईला काही बोलू नका. रात्रभर खिडकीकडे तोंड करून झोपली. किती दिवसांनी शांत झोपली ती. एवढं राहू द्या तिच्यापाशी."

मुद्रितशोधक पायरीवर थांबले. गोष्ट सोपी होती. 'फोटो काढला' एवढेच म्हणायचे, आणि मरणाऱ्या माणसाने मोबाइल मागून पाहण्याची शक्यता नव्हती. पण त्यांना वाटले, तिच्या सुखासाठी का होईना, आता खोटे बोलणे म्हणजे तिच्या ओळीवर पुन्हा एकदा आपल्या हाताने परस्पर शब्द लिहिणे. एकदा लिहिला होता, तोही तिच्या भल्यासाठीच, अशी तेव्हा त्यांची समजूत होती.

"तुझं म्हणणं मायेचं आहे," ते म्हणाले, "पण मला ते जमायचं नाही. माझ्या घरून बारा वर्षांपूर्वीची वही तेवढी आणून दे."

वही येईपर्यंत ते बाहेरच बसले. मग आत गेले.

ती जागीच होती, खिडकीकडे तोंड करून. "आला फोटो?"

"आला. पाय गुलाबी निघाले." त्यांनी काहीही न गाळता सगळे सांगितले, रुमाल, चादर, मोतीबिंदू, तिकिटाचा कारकून.

ती ऐकत राहिली. मग तिच्या छातीतून काहीतरी बाहेर आले; तो खोकला होता की हसू, कळणे कठीण होते. "म्हणजे कावीळ तुला झाली."

"मला झाली."

"मग माझं काय?"

"तुला तो दिसला होता."

"कशावरून?"

"तू सांगितलंस त्यावरून."

तिने प्रथमच मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. "बारा वर्षांपूर्वीही मीच सांगितलं होतं, दादा."

भाची दारात उभी होती. तिने तोंड फिरवले.

छापखान्यात एक खूण असते. शोधकाने चुकून बरोबर शब्द खोडला, तर त्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबे द्यायची आणि समासात लिहायचे, 'असू दे'. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, ते वाचतो आणि मूळचा शब्द होता तसा ठेवतो. शोधकाला स्वतःची चूक कबूल करण्याची तेवढीच एक जागा. छत्तीस वर्षांत मुद्रितशोधकांना ही खूण फार थोड्या वेळा करावी लागली होती. बहिणीला ती ठाऊक होती. लहानपणी तिच्या शाळेच्या निबंधांवर ते याच खुणा करून तिला शिकवीत असत.

त्यांनी जुनी वही उघडली. पान पिवळे होते. खरोखर पिवळे की त्यांना तसे दिसत होते, हे आता त्यांना ठरवता येत नव्हते. 'वाटला' हा आपला शब्द त्यांनी काट मारून खोडला. तिच्या 'दिसला' खाली एकेक टिंब दिले. समासात लिहिले, 'असू दे'. आणि वही तिच्या डोळ्यांसमोर धरली.

तिने सावकाश वाचले. "लाल शाईच ना ही?" तिने विचारले. "नक्की?"

"तू सांग. माझा भरवसा नाही."

"लाल आहे."

मग कितीतरी वेळाने ती म्हणाली, "असू दे."

समासातले शब्द ती वाचत होती, की त्यांना उद्देशून बोलत होती, हे त्यांना कळले नाही. विचारावे असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण तिने मुलीला खुणेने बोलावले आणि म्हटले, "मला परत भिंतीकडे वळव. उजेड सोसत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. भिंतीकडेच तोंड होते.

महिन्याच्या बैठकीत मुद्रितशोधक ठरल्याप्रमाणे उभे राहिले. बहिणीच्या नोंदीची, आपल्या डोळ्यांची आणि त्या दिवशीच्या थट्टेची हकिगत त्यांनी सांगितली, आणि वही टेबलावर ठेवून दिली. सभासद भले होते. कोणी म्हणाले, "वयाप्रमाणे होतं असं." कोणी म्हणाले, "मोतीबिंदूचं काय एवढं, अर्ध्या तासाचं काम." त्या दिवशीच्या चौदांपैकी सहा जण तिथे हजर होते.

"तुम्ही हसला होतात," मुद्रितशोधक त्यांना म्हणाले. आवाजात आरोप नव्हता. ते जणू साक्ष मागत होते.

सहा जणांनी एकमेकांकडे पाहिले. कोणालाच काही आठवत नव्हते. एकाने संकोचाने विचारले, "म्हणजे तुमच्या भगिनी यायच्या का मंडळात?"

तेव्हा त्यांना उमगले की तो दिवस त्यांच्याखेरीज या पृथ्वीवर केवळ एका माणसाने जपून ठेवला होता, आणि ते माणूस आता नव्हते. ज्यांच्यासमोर तिला परत उभे करायचे, त्यांच्या लेखी ती कधी पडलीच नव्हती. ती कधी आलीच नव्हती.

वही आता दुसऱ्यांकडे आहे. ती सुपूर्द करण्यापूर्वी मुद्रितशोधकांनी आपल्या गेल्या दहा वर्षांच्या प्रत्येक नोंदीतला 'दिसला' खोडून तिथे 'वाटला' लिहिले. पाच वर्षांचे लिहावे की बारा, हे ठरवायला कोणताच आधार नव्हता. दोषाचा आरंभ ज्याला सापडत नाही, त्याला त्याचा शेवटही सापडत नाही. भाची शस्त्रक्रियेची तारीख पुन्हा पुन्हा सुचवते. ते "बघू" म्हणतात, आणि तो शब्दही मनातल्या मनात खोडतात.

दुपारी ते धक्क्याच्या बाकावर दुर्बिणीशिवाय बसतात. कुरव येतात, खांबांवर बसतात. तिकिटांचा कारकून हल्ली त्यांना खोडरबर म्हणत नाही, रांग नसली की बाहेर येतो आणि शेजारी बसून, न विचारता, सांगतो, "गुलाबी. तोही गुलाबी. पलीकडचाही गुलाबीच." ते मान हलवतात. त्यांनी त्याला सांगितले आहे की निराळा आला, तर लगेच सांगायचे. आणि त्याने सांगितले, तर ते मान्य करतील.

जिने पाहिले, तिला तिचा पक्षी लाभो. जिने मायेपोटी सत्य झाकू पाहिले, त्या मुलीचे डोळे निर्मळ राहोत. आणि ज्यांना फार उशिरा दिसले, त्या वृद्धाच्या पिवळ्या उजेडातही थोडा विसावा असो. असू दे.